दोरीच्या अलीकडे

दोरीकाकू समुद्रावर गेल्या की आधी वाळूवर दोरी टाकायच्या. पिवळी, नायलॉनची, आपल्याकडे गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधतात तसली. लग्नानंतर पुण्याहून अमेरिकेला येताना त्यांनी ती बॅगेत भरून आणली होती. सिअ‍ॅटलजवळ बॉथेलच्या घरात ड्रायर निघाला आणि दोरी बेकार झाली. पुढे तिला गाडीच्या डिकीत नोकरी लागली. किनाऱ्यावर वाहून आलेल्या एखाद्या ओंडक्याला काकू तिचं टोक बांधायच्या, वाळूवर सरळ रेघ ओढत जायच्या आणि कमरेवर हात ठेवून आमच्याकडे वळायच्या. "बघा आता. काय बघायचं ते दोरीच्या अलीकडून."

दोरी ओलांडणाऱ्यावर त्या ओरडत नसत. नुसता पंजा वर करायच्या, रस्त्यातला पोलीस गाडी थांबवतो तसा. सॉफ्टवेअर कंपन्यांतले मोठमोठे डायरेक्टर, ज्यांच्या एका ईमेलवर रेडमंडमधल्या टीम हलतात, ते त्या पंजापुढे पाय आखडता घेताना मी पाहिले आहेत. मागे जाऊन कुरकुरायचे, "समुद्र काय काकूंच्या नावावर आहे का?" काकूंना ते ऐकू जायचं. "नाही. तुमच्याही नाही," एवढंच म्हणून त्या दुर्बीण डोळ्यांना लावायच्या.

हे सगळं चालायचं ते 'पेंग्विन'साठी. खरा रानटी पेंग्विन या देशात कुठेच नाही, हे काकूंनी पहिल्याच भेटीत मला सांगून टाकलं. आमच्या वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर उन्हाळा संपताना जो येतो तो वेगळा पक्षी. पाठ काळी, पोट पांढरं, खडकावर ताठ उभा राहिला की हुबेहूब पेंग्विन; फक्त याला उडता येतं. इंग्रजीत त्याला मर म्हणतात. हा शब्द सणासुदीला तोंडातून काढायला नको म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी त्याला पेंग्विन करून टाकलं. काकूंची हरकत नव्हती. "म्हणू देत. पेंग्विन म्हटल्यावर मुलं जरा दबकून चालतात."

मी सिअ‍ॅटलला पीएचडीला आले तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर काकूंनी विचारलं होतं, "शनिवारी गाडीत एक जागा आहे. गप्प बसता येणाऱ्यांनी कळवावं." मला गप्प बसता येत नव्हतं, पण फुकट समुद्र दिसणार होता. फेरी बोटीत गाडी चढवून आम्ही पोर्ट टाउनसेंडला गेलो. शिडाच्या जहाजांच्या काळातलं गाव. विटांच्या उंच इमारती, टेकडीवर नक्षीच्या लाकडी घरांच्या रांगा, पलीकडे जुना लष्करी किल्ला. रेल्वे येणार म्हणून लोकांनी ऐपतीबाहेर बांधकामं केली, आणि रेल्वे आलीच नाही. "म्हणून तर वाचलं," काकू म्हणाल्या. "रेल्वे आली असती तर हे सगळं पाडून मॉल केले असते."

त्या दिवशी किनाऱ्यावर एक मर उभा होता. एकटाच, पाण्यापासून दूर, डोळे अर्धवट मिटलेला. आमच्याबरोबर नागपूरचे एक काका होते, मनाने फार चांगले. "अरे, बिचारा रस्ता चुकला वाटतं," म्हणत ते हात पसरून त्याला पाण्याकडे हाकलायला निघाले. काकूंचा पंजा वर गेला. "तो दमून बाहेर आलाय. ऑफिसमधून दमून आलात आणि कुणी तुम्हाला परत गाडीत बसवलं तर?" काका ओशाळले. मग म्हणाले, "निदान थोडा चिवडा तरी ठेवू का?" काकूंनी पुडा त्यांच्या हातातून घेतला, एक घास स्वतः खाल्ला आणि परत दिला. "मीठ जास्त झालंय. तुम्हीच खा." मग त्यांनी तिथल्या पक्षीमित्रांना फोन केला आणि ते येईपर्यंत दोरीपाशी पहारा करत थंडीत उभ्या राहिल्या.

काकूंचे नियम फार नव्हते. पक्ष्यानं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं की एक पाऊल मागे. तो जागचा हलला, तर चूक तुमची; फोटो कितीही छान आला असला तरी. सहलीहून आलेल्या माणसाला सगळे विचारतात, काय काय दिसलं? काकू विचारायच्या, "हलले का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. हो म्हटलं, की त्या दिवशी त्या माणसाला त्यांच्या थर्मासमधला चहा मिळायचा नाही.

मला हे पटायला वेळ लागला. मी इचलकरंजीची. आमचं घर पत्रकांचं. यंत्रमाग कामगारांच्या सभेची पत्रकं रात्रभर छापून यायची आणि सकाळी चहाच्या आधी आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. मुळाक्षरं मी त्या पत्रकांवर गिरवली. बाबांनी माझं नावही क्रांती ठेवलं. एका रविवारी संध्याकाळी फेरीची वाट बघत गाडीत बसलो असताना मी काकूंना सुनावलं, "माझे बाबा लोकांना बोलायला शिकवायचे. तुम्ही माणसांना गप्प बसायला शिकवता. आधीच आपण या देशात व्हिसाच्या भीतीनं मान खाली घालून जगतो. त्यात तुमची दोरी."

काकूंनी काच पुसली. "क्रांते, सभेत दुसऱ्याचं भाषण चालू असताना तुझे बाबा ढोल वाजवायचे का गं?"

मी पुढचा मुद्दा काढला. पण त्या ऐकत नव्हत्या. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन होता आणि रविवारी त्या वेळेला त्यांच्या मुलाचा फोन यायचा. येणार असला तर. मुलगा टेक्सासमध्ये, शुगर लँडला, तेलकंपनीत इंजिनिअर. काकूंचे यजमान वारले तेव्हा मायलेकांत काहीतरी बिनसलं होतं. काय ते काकूंनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मंडळातल्या बायका टोमणा मारायच्या, "पोटच्या पोराकडे जात नाहीत, पक्ष्यांच्या मागे फिरतात." मी एकदा चिडून म्हटलं, तुम्हीच का करत नाही फोन? "करायचे पूर्वी. दिवसातून तीनदा. मग तो उचलेनासा झाला," त्या म्हणाल्या. "आता तो करतो तेव्हा बोलते. विचारतो तेवढंच सांगते."

आता गेल्या वर्षीच्या गणपती विसर्जनाबद्दल. त्याच्या आदल्या वर्षी मंडळाचं विसर्जन घराजवळच्या तळ्यावर झालं होतं. परवानगी काढलेली, वेळ दुपारची. तरी शेजारच्या कुणीतरी पोलिसांना बोलावलं. पोलीस सभ्यपणे वागले, पण ढोल थांबले ते थांबलेच. लहान मुलांसमोर मोठी माणसं 'सॉरी, सॉरी' करत सामान आवरत होती. तो अपमान मला गिळवला नाही. मी त्या रात्री मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं: आपण कर भरतो, कोड लिहितो, यांच्या आजाऱ्यांवर उपचार करतो, वर्षातला एक दिवस आपला आवाज यांच्या कानांना सहन होऊ नये? पुढच्या वर्षी दुप्पट वाजवू. त्या मजकुराखाली नमस्कारांचा आणि ज्वाळांचा पाऊस पडला. मी पथकात ताशा वाजवते. ताशा पुढे असतो, तो चाल देतो आणि ढोल त्याच्यामागून येतात.

गेल्या वर्षी अध्यक्ष होता सलीलदादा. पुण्याचा, रेडमंडला मॅनेजर, पोटतिडकीनं काम करणारा. काकू कार्यकारिणीत होत्याच; त्यानं त्यांना गळ घातली, "तुमच्या त्या गावात जागा बघा ना. तिथे कुणी कटकट करणार नाही." काकूंनी किल्ल्याजवळची जागा आणि परवानगी मिळवून दिली. मूर्ती शाडूची, समुद्रात तीनदा बुडवून टबात विरघळवायची. काकूंची एकच अट होती: ढोल वर, किल्ल्याच्या मैदानावर. खाली वाळूवर नाही. या दिवसांत तिथे पिल्लं घेऊन पक्षी येतात. "डन, काकू. शंभर टक्के," सलीलदादा म्हणाला होता.

त्या रविवारी धुकं होतं. मैदानावर आम्ही असे वाजवले की किल्ल्याच्या भिंतींनी उलट वाजवून दाखवलं. फिरायला आलेले गोरे आजी-आजोबा टाळ्या वाजवत होते, एक बाई तर झिम्मा खेळायला आली. वर्षभराचा साचलेला अपमान हातांतून बाहेर पडत होता. सलीलदादानं मूर्ती उचलली, 'मोरया' झाला आणि मिरवणूक किनाऱ्याच्या उताराला लागली. आम्ही ढोल मैदानावर ठेवायचे होते. सलीलदादा मान मागे करून ओरडला, "थांबू नका यार! असं कधी वाजलं होतं का? चला खाली!" आम्ही खाली गेलो. वाजवत.

काकू आधीच खाली होत्या. दोरी त्यांनी टाकलेली होती, पण नेहमीच्या जागी नाही. उतार जिथे वाळूला मिळतो तिथे, आडवी, मिरवणुकीच्या अगदी वाटेत. आणि त्या स्वतः दोरीवर उभ्या होत्या. पंजा वर.

देवाच्या वाटेत दोरी. मागच्या लोकांना काही दिसत नव्हतं, ते रेटत होते. सलीलदादा दोरीपाशी थांबला. "काकू, बाजूला व्हा प्लीज. मूर्ती जड आहे." काकू बोलल्या असतील, पण ढोलांत ऐकू आलं नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. ताशा कुणाच्या गळ्यात आहे हे त्यांना माहीत होतं. "वाजव!" सलीलदादा माझ्याकडे वळून म्हणाला. "थांबायचं नाही, क्रांती! या वर्षी नाही!"

माझे हात थांबले नव्हते. काकूंनी वर केलेला पंजा खाली घेतला आणि पाण्याकडे बोट दाखवलं. काठाजवळ, शेवाळाच्या तरंगत्या पट्ट्यात, मुठीएवढं एक पिल्लू होतं. काळं-पांढरं. त्याच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. मला माहीत होतं ते काय आहे, काकूंनी दहादा सांगितलं होतं. उडता येण्याच्या आधीच ही पिल्लं कड्यावरून समुद्रात उडी मारतात. खाली बाप वाट बघत असतो. पुढचे काही आठवडे बापच त्याला भरवतो, शिकवतो. बाप बुडी मारून लांब निघतो आणि दोघं एकमेकांना शोधतात ते हाकेवर. धुक्यात तर फक्त हाकेवर. बाप सापडला नाही तर पिल्लू जगत नाही.

पिल्लाची चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. आणि आवाज येत नव्हता. सगळा आवाज माझा होता.

मी काड्या वर धरल्या. ताशा थांबला, ढोल एकामागून एक अडखळले, शेवटचा एक ठोका धुक्यात गेला आणि किनाऱ्यावर शांतता पडली. मग ते ऐकू आलं. बारीक, चिरकी शीळ. थांबायची, पुन्हा यायची.

"हे काय आहे?" सलीलदादाचा चेहरा लाल झाला होता. "मागच्या वर्षी त्यांनी थांबवलं. या वर्षी आपल्यातल्याच माणसांनी? काकू, हा आपला बाप्पा आहे!"

"मागच्या वर्षी त्यांना आपण नको होतो," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "याला आपण कोण तेही माहीत नाही. तो बापाला हाक मारतोय. बापाला ऐकू जाऊ दे."

"आणि किती वेळ?"

"माहीत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "पक्ष्यासाठी बाप्पा ताटकळत ठेवायचा?" कुणी म्हणालं, "परमिटची वेळ संपेल." एका मुलीनं विचारलं, "व्हाय आर वी स्टॉपिंग?" आणि तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. उत्तरपूजा होऊन हललेली मूर्ती पाण्याआधी जमिनीवर टेकवत नाहीत. सलीलदादाला ती खाली ठेवता येत नव्हती आणि पुढेही नेता येत नव्हती. त्याचे दंड थरथरायला लागले. पाटावरचं पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं. अभिमानापायी त्यानं कुणाला हात लावू दिला नसता.

काकू दोरीवरून उतरून त्याच्याजवळ गेल्या. त्यांनी पाटाखाली आपले दोन्ही हात घातले. साठी उलटलेली बाई, मनगटं काडीसारखी. "अर्धा भार दे," त्या म्हणाल्या. सलीलदादानं पाट थोडा कलता केला. दोघं समोरासमोर उभी होती, मध्ये गणपती, आणि आम्ही सगळे ढोल पोटाशी दाबून धरलेले, कुठे चामड्याला बोट लागून आवाज होऊ नये म्हणून.

शीळ येत होती. उत्तर येत नव्हतं. पिल्लू शेवाळातून सुटून थोडं बाहेर गेलं, तसं दिसायला अवघड झालं. एकदा ती शीळ बराच वेळ आलीच नाही. माझ्यामागचा ढोलवाला पुटपुटला, "गेलं." काकूंनी डोळे मिटले होते.

मग धुक्यातून, जुन्या धक्क्याच्या बाजूनं, एक घोगरा आवाज आला. दार करकरावं तसा. एकदाच. पिल्लानं लगेच शीळ घातली. पुन्हा करकर, आता जवळून. पिल्लू वळलं आणि त्या दिशेनं पाय मारत निघालं, धक्क्याच्या खांबांमागे गेलं आणि दिसेनासं झालं. आम्ही कान लावून होतो. शीळ, करकर, शीळ. मग लाटा.

"भेटले?" मी कुजबुजले.

"कुणास ठाऊक," काकू म्हणाल्या. "ते बघायला पुढे जाता येत नाही."

विसर्जन झालं. खाडीच्या दुसऱ्या टोकाला, ढोलांशिवाय. आरती टाळ्यांवर म्हटली. 'पुढच्या वर्षी लवकर या' एरवी आपण ओरडतो. त्या दिवशी सगळ्यांनी ते बाप्पाला जवळ बोलावून सांगावं तसं सांगितलं. पण घरी पोचेपर्यंत ग्रुप पेटला होता. 'देवाला अडवणाऱ्या', 'गोऱ्यांपेक्षा गोऱ्या', 'मुलगा सांभाळता आला नाही, पक्षी सांभाळतात'. सलीलदादानं काहीच लिहिलं नाही, काकूंना कार्यकारिणीतून मात्र काढलं. अट कुणी मोडली हे कुणी विचारलं नाही.

मला ते विचारायचं होतं. मी बसून एक मजकूर लिहिला, घरातल्या पत्रकांच्या थाटाचा, पहिल्या वाक्यापासून जाळ. पाठवण्याआधी काकूंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. "छान लिहितेस. खोडून टाक."

"का? तुमचीच बाजू आहे ना? शब्द त्यानं मोडला!"

"मोडला. आणि मूर्तीही त्यानंच धरून ठेवली. खाली आपटून निघून गेला नाही. आत्ता त्याच्या अंगावर धावून गेलीस तर तो उडून जाईल. मग पुढच्या वर्षी किनाऱ्यावर मी कुणाला थांबवू?" त्यांनी चहा ओतला. "थोडी मागे सर. येईल तो."

मी खोडलं. मनापासून नाही, बाबांनी मला त्या दिवशी घरात घेतलं नसतं. अजूनही मला वाटतं की काही माणसांच्या अंगावर धावून जावं लागतं, आणि काही दोऱ्या तोडायलाच हव्यात. यावरून मी काकूंशी भांडले असते, शनिवारमागून शनिवार. पण वसंतात त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"त्यानं हाक मारली गं. म्हणाला, आई, ये. राहायलाच ये."

"तिकडे? काकू, तिथे भट्टी असते. समुद्र लांब. तुमचे पक्षी?"

"ते कुठे माझे होते?"

सामान आवरायला मी गेले होते. दुर्बीण त्यांनी बरोबर घेतली. दोरी मला मिळेल अशी माझी समजूत होती, मी डिकीत डोकावलेसुद्धा. दोरी नव्हती. "सलीलला दिली," काकू म्हणाल्या. "काल येऊन गेला. तीन कप चहा प्यायला. जाताना मीच त्याच्या गाडीत टाकली." मला राग आला होता, तो त्यांना दिसला. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "तुला कशाला हवी दोरी? तुझे हात थांबलेले मी पाहिलेत."

या वर्षी विसर्जनाला पुन्हा त्याच गावी गेलो. मैदानावर दणदणीत वाजवलं. उतार सुरू होतो तिथे सलीलदादा मूर्ती घेऊन थांबला आणि मागे वळला. ढोल गवतावर ठेवले गेले. खाली वाळूवर पिवळी दोरी आधीच टाकलेली होती, जरा वाकडीतिकडी. धक्क्याजवळ एक मोठा आणि एक लहान असे दोन काळे-पांढरे ठिपके पाण्यावर होते. कुणीतरी नवीन माणूस फोन काढून पुढे सरसावला, आणि सलीलदादाचे हात गुंतलेले होते म्हणून त्याच्या बायकोनं पंजा वर केला.

संध्याकाळी फेरीच्या रांगेतून मी शुगर लँडला फोन लावला. मला मिरवणुकीचं सांगायचं होतं, सलीलदादाचं, दोरीचं. काकूंनी आधीच विचारलं, "हलले का?"

"नाही, काकू."

त्या हसल्या. मागे पंखा घरघरत होता आणि कुणीतरी खुर्ची सरकवली.

"आणि तिकडे?" मी विचारलं.

"रोज संध्याकाळी ऑफिसमधून आला की अंगणात माझ्याशेजारी येऊन बसतो," काकू अगदी हळू म्हणाल्या. "मी मान वळवत नाही."